गलबत, गुराब आणि अरबी डोमकावळा

प्रश्न आला आहे तो असा: ‘विजयदुर्गच्या १७५६च्या लढाईवर कादंबरी लिहितोय. “इंग्रजांचं पन्नास तोफांचं अवाढव्य गलबत” असं लिहिलं तर चालेल ना? आणि “गुराब” हे जहाजाचं नाव इंग्रजी “ग्रॅब”चाच अपभ्रंश का?’

नाही चालणार. दर्यावरची कुठलीही कादंबरी उघडा, शिडाचं दिसेल ते गलबत! पुढे कोकणात मालाच्या शिडाच्या जहाजांना सरसकट गलबत म्हणू लागले हे मान्य. पण आंग्र्यांच्या काळातलं लिहायचं तर आरमाराचा तेव्हाचा हिशेब पाळा. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठी राज्यकारभारावरच्या ग्रंथात, आरमाराच्या दर सुभ्याला, म्हणजे तुकडीला, पाच गुराबा आणि पंधरा गलबतं सांगितली आहेत. दोन्ही एकच असती तर रामचंद्रपंतांनी वेगवेगळी कशाला मोजली असती? अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार ऑर्म तर मापंच देऊन ठेवतो. गुराब दोन डोलकाठ्यांची असेल तर दीडशे टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची तीनशेच्या आसपास. गलबत फार तर सत्तर टनांचं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. त्यातल्या मोठ्यांवर सहा-आठ तोफा, त्याही दोन ते चार पौंडी गोळ्यांच्या. तुम्ही पन्नास चढवल्यात तर ते पहिल्या प्रकरणातच बुडेल. विजयदुर्गावर आलेल्या इंग्रज आरमारप्रमुख वॉटसनच्या ताफ्यात ‘सॅलिसबरी’ होतं पन्नास तोफांचं, पण ते जहाज. जहाजच म्हणा.

आता गुराब. इथे तुम्ही बैलांपुढे गाडी जुंपली आहे. ‘ग्रॅब’ हाच ‘गुराब’चा अपभ्रंश, इंग्रजांच्या जिभेवर झिजलेला. जहाज चाच्यांचं, चाचे लुबाडणार, लुबाडणं म्हणजे ‘ग्रॅब’, म्हणून जहाजाचं नाव ग्रॅब: असली व्युत्पत्ती कुणीतरी ठोकून देणार, अशी थट्टा हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीच्या हॉब्सन-जॉब्सन कोशाने १८८६ सालीच करून ठेवली आहे. तरी ती अजून ऐकू येते, आणि तीही मराठी माणसाच्या तोंडून.

मूळ शब्द अरबी, ‘गुराब’च, आणि अर्थ डोमकावळा! जहाजाला डोमकावळा का म्हणावं? सतराव्या शतकातले ऑक्सफर्डचे पंडित टॉमस हाइड तीन कारणं सांगतात: डांबराचा काळा रंग, पुढे आलेली चोच, आणि शिडं-वल्ह्यांचे पंख. तीन-तीन कारणं देणाऱ्याला एकाचीही खात्री नसते, असा माझा अनुभव आहे. रंग म्हणाल, तर डांबर फासलेलं लाकूड काळंच दिसणार. त्या न्यायाने बंदरातली निम्मी जहाजं डोमकावळेच. पंख म्हणाल, तर शिडं आणि वल्ही गलबतालाही होतीच की. उरली चोच, आणि तीच खरी. ऑर्मचं वर्णन पाहा: गुराब मध्यावर रुंद, पुढे निमुळती होत गेलेली, आणि तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी (वल्ह्यांच्या लढाऊ जहाजासारखी) लांब बाहेर आलेली. समोरच्या लाटेवर ती जोरात आपटायची, म्हणून नाळेवरच्या फळ्यांना कठडा ठेवत नसत. आलेलं पाणी आडकाठीशिवाय वाहून जायचं. आणि त्या उघड्या चोचीवरून, मागच्या भिंतीतल्या भोकांतून, नऊ किंवा बारा पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा थेट पुढे मारा करायच्या. एवढं चित्र समोर असताना हाइडसाहेब डांबर हुंगत बसले! (अरबी-फारसीची अशीच गंमत कान्होजी आंग्र्यांच्या ‘सरखेल’ या किताबात. अरबी ‘खैल’ म्हणजे घोडे, आणि सरखेल म्हणजे मुळात घोडेस्वारांच्या पथकाचा म्होरक्या. किताब मिरवला मात्र दर्यावर.)

गुराब स्त्रीलिंगी: ती गुराब, त्या गुराबा. ‘तो गुराब’ लिहिणाऱ्यांनी आज्ञापत्र एकदा चाळावं. वाऱ्यावाचून ज्यांचा उपयोग नाही अशी बरस, फरगात ही मोठी जहाजं बांधू नयेत, हेही त्यातच आहे. फरगात म्हणजे पोर्तुगीज ‘फ्रागाता’, तुमच्या भाषेत फ्रिगेट. तेव्हा पाठलागाचा प्रसंग रंगवाल तो वारा पडलेला असताना रंगवा. इंग्रजांचं जहाज शिडं लोंबकळत जागच्या जागी उभं. गलबतं वल्ही मारत, दोरांनी गुराबा ओढत त्याच्या पिछाडीला येताहेत, जिथे त्याच्या बाजूच्या तोफा पोचत नाहीत. आंग्र्यांची माणसं असंच लढायची.