केप व्हर्देचा संघ उसना नाही

'परदेशात जन्मलेली पोरं गोळा करून केप व्हर्देने २०२६ चा फुटबॉल विश्वचषक गाठला, त्यात देशाचं काय?' हा तुमचा आक्षेप मला पटत नाही.

केप व्हर्दे म्हणजे सेनेगलच्या पश्चिमेला अटलांटिकमधली दहा बेटं, वस्ती सव्वापाच लाखांच्या आसपास. पाऊस बेभरवशाचा. १९४० च्या दशकातल्या दुष्काळांत हजारो माणसं भुकेने मेली. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, ब्राव्हा आणि फोगो बेटांवरचे तरुण देवमाशांची शिकार करणाऱ्या अमेरिकी जहाजांवर चढून अमेरिकेतल्या न्यू बेडफर्डला गेले. पुढे खलाशी नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला वसले, कितीतरी कुटुंबं लिस्बनला. आज देशात आहेत त्याहून जास्त केप व्हर्देचे लोक बाहेर राहतात. मग रॉटरडॅममध्ये जन्मलेला डायलन लिव्ह्रामेंतो परका कसा? सप्टेंबर २०२५ मध्ये पात्रता सामन्यात राजधानी प्रायात कॅमेरूनला १-० हरवलं, तो गोल त्याचाच. वर्षभरापूर्वी याच कॅमेरूनने केप व्हर्देला ४-१ असं चोपलं होतं.

आणि सगळे बाहेरचे आहेत, हेही खरं नाही. १३ ऑक्टोबर २०२५ ला एस्वातिनीला ३-० हरवून पात्रता पक्की झाली. त्यातला तिसरा गोल स्टोपिराचा. तेव्हा वय ३७, जन्म प्रायाचा. गोलरक्षक वोझिन्या तेव्हा ३९ वर्षांचा, तिथल्याच मिंडेलो शहराचा. प्रशिक्षक बुबिस्ता बोआ व्हिस्ता बेटाचे.

खरं कौतुक शोधाशोधीचं आहे. पूर्वी प्रायात जन्मलेला नानी हा नावाजलेला फुटबॉलपटूसुद्धा पोर्तुगालकडून खेळला. आता केप व्हर्देवाले स्वतःहून माणसं हुडकतात. डब्लिनचा रॉबर्टो लोपेस, वडील केप व्हर्देचे. २०१८ मध्ये तेव्हाच्या प्रशिक्षकांनी त्याला थेट लिंक्डइनवर पोर्तुगीजमध्ये निरोप धाडला. फालतू संदेश समजून त्याने दुर्लक्ष केलं. काही महिन्यांनी इंग्रजीत पुन्हा विचारणा झाली, तेव्हा कुठे उलगडा झाला. आज तो बचावफळीचा आधार आहे.

हे एका रात्रीत घडलेलं नाही. २०१३ मध्ये पहिल्याच आफ्रिकन चषकात हा संघ उपांत्यपूर्व फेरीत गेला. त्याच वर्षी ट्युनिशियाला त्यांच्याच घरी २-० हरवून विश्वचषकाच्या अंतिम पात्रता फेरीत धडक मारली, पण निलंबित फर्नांदो व्हरेलाला खेळवल्यामुळे निकाल उलटवला गेला. त्यानंतर बारा वर्षं वाट पाहिली त्यांनी.

मग भारतानेही बाहेर वाढलेली भारतीय वंशाची मुलं खेळवावीत, असंही तुम्ही सुचवलंत. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. बाहेरच्या मुलाला आधी हातातलं पारपत्र सोडावं लागतं, आणि युरोपातल्या क्लबात रुजलेला विशीतला खेळाडू ते सहज सोडेल, असं मला वाटत नाही.