रिस्पॉन्डरला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे : ओएसआय, म्हणजे संगणकांमधला संपर्क सात थरांत विभागणाऱ्या आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या नेटवर्कवर फाइल हस्तांतरणाचा 'रिस्पॉन्डर' कॉन्फिगर करण्याची पुस्तिका मराठीत आणायची आहे. 'उत्तरदाता', 'सर्व्हर' आणि 'प्रतिसादक' यांपैकी कोणता शब्द घ्यावा?

माझे मत 'प्रतिसादक'. 'उत्तरदाता' म्हटले की सर्वेक्षणात प्रश्नावली भरून देणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. शिवाय शेजारीच 'उत्तरदायी' बसलेला, त्यामुळे घोटाळा ठरलेला. 'सर्व्हर' सगळ्यांना कळतो खरा, पण ओएसआयच्या फाइल हस्तांतरणाच्या पद्धतीत, एफटॅममध्ये, म्हणजे १९८८च्या आयएसओ ८५७१ या मानकात, दोन बाजूंना मुद्दाम 'इनिशिएटर' आणि 'रिस्पॉन्डर' अशी नावे दिली आहेत. जोडणी कोण मागतो आणि मागणीला कोण उत्तर देतो, एवढेच त्यांतून कळते. फाइल कोणत्या दिशेने जाते याच्याशी त्यांचा संबंध नाही. आरंभक, म्हणजे इनिशिएटर, फाइल पाठवूही शकतो, मागवूही शकतो. फाइलसाठा मात्र प्रतिसादकाच्या बाजूचा. म्हणून 'प्रेषक' आणि 'ग्राहक' ही जोडी इथे साफ चुकते. एका अनुवादात ती वाचली आहे, आणि पुढचे पानभर कोण कुणाला काय देतो आहे ते उमगेना.

यावर शुद्धतावादी म्हणतील, 'साद' हा शब्द संस्कृत 'शब्द'वरून प्राकृतातून घरंगळत आलेला. त्याला 'प्रति' आणि 'क' ही संस्कृत शेपटे कशी लावता? 'पडसाद'मध्ये उपसर्गही प्राकृत वळणाचा आहे, हे मान्य. पण 'प्रतिसाद' आपण रोज बिनदिक्कत वापरतो, मग 'क'पाशीच का अडायचे? अर्थ तर नेमका बसतो : साद येईपर्यंत हा गप्प ऐकत राहतो, आपणहून कुणाला हाक मारत नाही.

'लेयर'ला 'थर' की 'स्तर'? बोलताना थर. समासात मात्र स्तर सोयीचा : सत्रस्तर, सादरीकरणस्तर. 'परत' हा हिंदीतला शब्द नकोच. 'परत जोडा' म्हणजे पुन्हा जोडा, असेच मराठी माणूस वाचणार.

'कॉन्फिगर करणे' तसेच राहू द्या. 'संरूपण' परिभाषेत शोभते, पण आज्ञार्थात जड होते. 'बसवणे' हे इन्स्टॉलसाठी राखून ठेवा, कारण प्रतिसादक आधी बसवला जातो आणि मग त्याचे पत्ते ठरवले जातात. पुस्तिकेतले वाक्य मी असे लिहीन (सिलेक्टर म्हणजे त्या त्या स्तरावरचा पत्त्याचा तुकडा) : 'प्रतिसादकासाठी सादरीकरण, सत्र आणि वाहतूक या तिन्ही स्तरांचे सिलेक्टर ठरवा, तेच सिलेक्टर, नेटवर्क पत्त्यासह, आरंभकाकडे नोंदवा.' यातला 'तेच' गाळू नका. एका जरी सिलेक्टरमध्ये फरक पडला तरी मागणी प्रतिसादकापर्यंत पोचत नाही, आणि वाचणारा बिचारा पासवर्ड तपासत बसतो.