फिलिपीन्सची डोळ्यांची देवी दालिकमाता म्हणजे आपलीच 'माता' का? तिचा एखादा मंत्र किंवा उपाय आहे का? (आईच्या डोळ्यांसाठी विचारतोय)

नाही. दालिकमातामधली 'माता' म्हणजे आई नाही, डोळा. विसायन, म्हणजे फिलिपीन्सच्या मधल्या बेटांवरच्या लोकांच्या भाषांत, सेबुआनो, हिलिगायनोन वगैरे, तिकडे तागालोगमध्ये, अगदी मलयमध्येसुद्धा डोळ्याला माता म्हणतात. आपल्या मातेशी त्याचा काडीचा संबंध नाही. मी बारा वर्षं पिनॉय, म्हणजे फिलिपिनो लोकांबरोबर जहाजाच्या इंजिन रूममध्ये काढलीत आणि हा शब्द माझ्या डोळ्यात लोखंड गेलं तेव्हा शिकलोय, त्यामुळे विसरायचा प्रश्नच नाही.

खरं तर उत्तर इथेच संपलं असतं, पण तुम्ही कंसात आईचं लिहिलंत आणि माझं डोकं फिरलं. तुमच्यावर नाही हो. आमच्या घरच्या ग्रुपवर गेल्या वर्षी हाच फॉरवर्ड आला होता, 'फिलिपीन्समध्ये आजही पूजली जाते आपली दालिकमाता', खाली दहा हात जोडलेले. पाठवणारे आमचे भावोजी. मी लिहिलं की माता म्हणजे डोळा, तर त्यांचं उत्तर, तू जहाजावर बसून आम्हाला शिकवू नकोस. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून आधी एकदा ऐकलंय, त्याचं पुढे सांगतो.

आधी देवीचं. दालिकमाता ही विसायन लोकांची दिवाता, म्हणजे त्यांची देवता, अनेक डोळे असलेली, आणि डोळ्याचं दुखणं आलं की हिला बोलवायचं. परंपरेत जे आहे ते एवढंच, दोन ओळींचं. अंगभर डोळे काढलेली जी झकपक चित्रं नेटवर फिरतात ती आत्ताच्या पोरांनी काढलेली आहेत, छान आहेत, पण जुन्या मूर्तीवरून वगैरे नाहीत. मंत्र असा काही नसतो. स्पॅनिश यायच्या आधी तिकडे बाबायलान असायच्या, बहुतेक बायका, आणि बायकांसारखे राहणारे काही पुरुष, त्यांना आसोग म्हणत. आजारी माणसाच्या घरी बाबायलान यायची, डुक्कर नाहीतर कोंबडी बळी द्यायची, गायची, नाचायची, तिच्या अंगात यायचं आणि मग ती सांगायची कुठला दिवाता नाराज आहे ते. म्हणजे आपल्याकडे देवऋषी असतो तसं धरा, फक्त मान कितीतरी मोठा.

आणि देव कसे एकेका कामाला वाटलेले! लोआर्का नावाचा एक स्पॅनिश माणूस पनाय बेटावर जहागिरीदार होता, त्याने १५८२ साली लिहून ठेवलंय. निग्रोस बेटावरच्या ज्वालामुखीत लालाहोन राहते, पीक चांगलं यावं म्हणून तिला हाक मारायची, ती रुसली तर टोळधाड पाठवते. सिदापा म्हणून एक आहे, त्याच्याकडे डोंगरावर एक उंच झाड आहे, मूल जन्मलं की तो त्या झाडावर त्याच्या आयुष्याची खूण करतो आणि माणूस त्या खुणेएवढा झाला की मरतो. हे वाचलं तेव्हा मला आमच्या दाराच्या चौकटीवरच्या पेन्सिलच्या रेघा आठवल्या, आई दर मे महिन्यात आमची उंची मोजायची त्या. असो, विषय भरकटतोय.

तर लोखंड. बल्क कॅरिअर, म्हणजे सुटा माल नेणारं जहाज होतं, सिंगापूर दोन दिवसांवर. मी वर्कशॉपमध्ये एका फ्लँजला ग्राइंडर मारत होतो, गॉगल कपाळावर, कारण घामाने काच सारखी धुरकट होते आणि तेव्हा मला वाटायचं की दहा वर्षं काम केलेल्या माणसाला काही होत नाही. झालं. आधी नुसतं चुरचुरलं. मी हाताच्या मागच्या बाजूने चोळायला गेलो तर आमच्या फिटरने माझं मनगट असं धरलं की दोन दिवस वळ होता. "नो टच! माता, माता!" तो त्याच पनाय बेटावरच्या इलोइलोच्या बाजूचा, वय पंचावन्नच्या आसपास, सगळे त्याला मानोंग म्हणायचे, म्हणजे आपल्याकडे दादा.

त्याने मला स्टुलावर बसवलं. हात साबणाने कोपरापर्यंत धुतले. कापूस गुंडाळलेली काडी पापणीवर आडवी धरून पापणी उलटी केली, टॉर्च बाजूने तिरका मारला, समोरून नाही. वर बघ, खाली बघ, डावीकडे, उजवीकडे. चांगली पाच मिनिटं नुसतं बघत होता, एक शब्द नाही. मग म्हणाला की पापणीत काही नाही, बुबुळावर काळा ठिपका आहे, रुतलाय, मी हात लावणार नाही. आयवॉशच्या बाटलीने डोळा धुतला, वर कार्डबोर्डचा कप झाकण म्हणून चिकटवला आणि सेकंडला, म्हणजे सेकंड इंजिनिअरला, स्वतः जाऊन सांगितलं की ह्याला किनाऱ्यावर डॉक्टर पाहिजे. सेकंडला ते आवडलं नव्हतं, त्याचं म्हणणं ड्रॉप टाका, जाईल. मानोंग तिथेच उभा राहिला. वायरलेसवरून डॉक्टरचा सल्ला घेतला, त्यांनीही तेच सांगितलं.

रात्री झोप कसली. तो माझ्या केबिनमध्ये बसला, सांता लुसियाची प्रार्थना पुटपुटला (ताटात स्वतःचे डोळे घेऊन उभी असलेली ती संत, १३ डिसेंबरला तिचा सण), आणि मग त्याच्या लोलाबद्दल, म्हणजे आजीबद्दल बोलत राहिला. ती गावात सुरहानोचं काम करायची. हा शब्द स्पॅनिशमधल्या सर्जनवरून आलाय, काम मात्र बाबायलानच्या वळणाचं. डोळा दुखणारा माणूस आला की लोला त्याला सकाळच्या उन्हात दारात बसवायची आणि आधी बघायची. कुठे काम केलंस, कुठलं झाड तोडलंस, काय खाल्लंस, रात्री कमी दिसतं की दिवसा. कुसळ असेल तर काढायची. तामावोचा, म्हणजे झाडावरच्या भुताखेताचा, कोप वाटला तर कोंबडी आणि धूप. आणि बुबुळच पांढरं पडायला लागलं असेल तर कोंबडीबिंबडी काही नाही, सरळ शहरातल्या हॉस्पिटलात पाठवायची आणि जाताना बोटीचे पैसे द्यायची. दालिकमाता हे नाव मानोंगला माहीतच नव्हतं बरं का! ते नाव दुसऱ्या दिवशी मेसमध्ये विसायन कॅडेटने मोबाईलवर दाखवलं, अंगभर डोळे असलेली बाई, तर मानोंग तिच्याकडे बराच वेळ बघून म्हणाला की आमच्या लोलाला एवढे डोळे असते तर चष्म्याला किती खर्च आला असता.

सिंगापूरला डॉक्टरने भूल द्यायचे थेंब टाकून सुईच्या टोकाने तो कण काढला. दोन दिवसांत त्याभोवती गंजाचं कडं धरलं होतं, तेही खरवडलं. मी चोळलं असतं तर बुबुळभर ओरखडे आणि वर जखम चिघळून फूल पडलं असतं. आज त्या डोळ्याने मी वर्तमानपत्र वाचतो.

आता आईचं. त्याच कॉन्ट्रॅक्टच्या आधी घरी होतो तेव्हा आई दाराच्या डाव्या चौकटीला दोनदा धडकली. ताटात चटणी, कोशिंबीर तशीच राहायची. मी म्हटलं डोळे तपासून घ्या, काचबिंदू असू शकतो, त्यात समोरचं दिसत राहतं आणि कडेचं जातं, म्हणून माणसाला कळतच नाही. भावोजी म्हणाले वय झालंय, जिभेची चव गेलीय, डोळ्यांना काय धाड भरलीय, सुई ओवते ती. आणि कुणाकडून तरी कसल्यातरी रसाचे थेंब आणले, शिवाय देवीला चांदीचे डोळे बोलले. फोनवर मी ओरडलो तेव्हा ते वाक्य पहिल्यांदा ऐकलं, जहाजावर बसून शिकवू नकोस. नऊ महिन्यांनी उतरलो तेव्हा तिचा डावा डोळा गेलेला होता आणि उजव्याची कड. डॉक्टर म्हणाले गेलेलं परत येत नाही, उरलेलं जपू, रोज थेंब, चुकवायचे नाहीत.

चांदीच्या डोळ्यांवर माझा राग नाही. आईनेच नंतर वाहिले, मीच सोनाराकडून आणून दिले. राग ह्याचा की त्या नऊ महिन्यांत तिच्या डोळ्यांत कुणी वाकून बघितलं नाही. मानोंगच्या लोलाने बघितलं असतं. अनेक डोळ्यांची देवी ज्या लोकांनी कल्पिली त्यांना बघण्याची किंमत माहीत होती असं माझं मत आहे, कुठे छापलेलं नाही. त्याच इलोइलोजवळ ओतोनला १९६० च्या दशकात उत्खननात एक पातळ सोन्याचा पत्रा सापडला, एक तुकडा डोळ्यांसाठी आणि एक नाकासाठी, चौदाव्या-पंधराव्या शतकातला, मेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर ठेवायचा, वाईट शक्ती आत शिरू नये म्हणून. मेलेल्याच्या डोळ्यांची एवढी काळजी, आणि आमच्याकडे जिवंत माणसाला म्हणे वय झालंय.

एक गोष्ट मात्र कबूल करतो, नाहीतर कमेंटमध्ये कोणीतरी येईलच. 'दिवाता' हा शब्द आपल्या देवतावरूनच मलयमार्गे तिकडे गेलाय. त्यांचा गुरो म्हणजे आपला गुरू, मुखा म्हणजे चेहरा, आसा म्हणजे आशा. तेव्हा भावोजी अर्धे बरोबर होते, चुकीच्या टोकाने. शब्द गेला म्हणून देवी आपली होत नाही. आमच्याकडे बटाटा पोर्तुगीजांनी आणला, म्हणून श्रावणातला बटाटेवडा त्यांचा होतो का? आणि ही देवी 'आजही पूजली जाते' वगैरे फॉरवर्डमधलं तेवढं सोडून द्या. १५६५ पासून तिकडे चर्च आहे. १६२१-२२ मध्ये बोहोलला तांब्लोत नावाच्या बाबायलानने जुन्या दिवातांसाठी बंड केलं, ते सैन्य पाठवून मोडलं. आता डोळ्यांसाठी लोक सांता लुसियालाच मेणबत्ती लावतात.

तुमच्या आईबद्दल, मी डॉक्टर नाही, जहाजाच्या इंजिनवरचा मोटरमन आहे, त्यामुळे हे तेवढ्याच मोलाचं धरा. मोतीबिंदू असेल तर ऑपरेशनने दिसायला लागतं, घाबरू नका. वडस, म्हणजे बुबुळाकडे सरकणारा मांसल पडदा, असेल तर घाई नसते. पण कडेचं दिसत नसेल, दिव्याभोवती रंगीत कडी दिसत असतील, डोळा दुखून डोकं दुखत असेल, तर आज जा, सोमवारी नको. डोळ्याचं प्रेशर मोजायला सांगा, ते न मोजता नुसता चष्म्याचा नंबर देणाऱ्याकडून उठून या. अंगावरचं दूध, मध, कांद्याचा रस, काही म्हणजे काही डोळ्यात घालू नका, मग कुठल्याही देवीचं नाव घेऊन असो. नवस बोलायचा तर बोला, रिक्षात बसून बोला.

आमच्याकडे आता आईला वाढताना चटणी, लिंबू, कोशिंबीर सगळं उजवीकडे वाढतो. संपतं सगळं. गणपतीत भावोजी आले होते, पानाकडे बघून म्हणाले, हे ताट उलटं का वाढलंय?