बेसबॉलच्या मायनर लीगमधला, म्हणजे खालच्या पातळीवरचा पिचर (चेंडू टाकणारा) पुढे मेजर लीगपर्यंत, म्हणजे सर्वोच्च पातळीपर्यंत जाईल की नाही, हे मॅच बघून कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की ब्रिजवॉटरला सॉमरसेट पेट्रियट्स या यँकीजच्या मायनर लीग संघाची मॅच बघताना एका पोराचा ताशी ९७ मैलांचा फास्टबॉल दिसला आणि हा मेजर लीगमध्ये यँकीजकडून खेळणारच असं वाटलं. मी न्यू जर्सीत राहतो, त्याच मैदानावर बरीच वर्षं मॅच बघतोय. माझं ठाम मत असं की वेग बघायचा तो पाचव्या इनिंगमधला. पहिल्या इनिंगला ताज्या हाताने ९७ टाकणारे डबल-एमध्ये, म्हणजे सॉमरसेट खेळतं त्या मायनर लीगच्या पातळीवर, पुष्कळ असतात. सत्तरेक चेंडू टाकून झालेत, बेसवर रनर आहे, अशा वेळी वेग किती उतरतो आणि चेंडू कॅचरच्या ग्लव्हपासून किती भरकटतो, तिथे खरा पिचर कळतो.

नुसत्या वेगाने काय होतं, ते स्टीव्ह डाल्कोव्स्कीकडे बघून कळतं. ओरिओल्स या मेजर लीग संघाच्या मायनर लीग संघांमधला हा डावखुरा. याच्याइतका वेगवान पिचर दुसरा बघितला नाही, असं त्याला पाहिलेले कितीतरी लोक सांगत. १९६० मध्ये स्टॉकटनकडून खेळताना त्याने १७० इनिंगमध्ये २६२ स्ट्राइकआउट घेतले (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद), आणि वॉकही (चार चेंडू बाहेर गेले की बॅटरला फुकट पहिला बेस) बरोबर २६२ दिले! पुढे एल्मायराच्या संघात मॅनेजर अर्ल वीव्हरच्या हाताखाली त्याचा नेम सुधारला. मेजर लीगचं दार उघडणार, तेवढ्यात १९६३ च्या वसंतात त्याचं कोपर दुखावलं. मेजर लीगची एकही अधिकृत मॅच त्याच्या नशिबी आली नाही. मला हे आजही फार लागतं.

म्हणून मी आधी नेम बघतो, मग दुसरा चेंडू. फास्टबॉल सगळ्यांकडे असतो. त्याच्या जोडीला स्लायडर (शेवटी बाजूला वळणारा चेंडू) किंवा चेंजअप (फास्टबॉलसारखाच वाटणारा, पण हळू चेंडू) कसा आहे? चेंजअप टाकताना हात फास्टबॉलइतक्याच जोरात फिरतो का? हात जरा जरी आवरता घेतला तरी चांगल्या बॅटरला ते दिसतं. क्रिकेटमध्ये स्लोअर बॉल हातातूनच ओळखू आला की त्याचं काय होतं, ते आपल्याला माहीत आहेच. तीन बॉल, म्हणजे स्ट्राइक झोनबाहेरचे चेंडू, झालेले असताना, म्हणजे चौथ्याला वॉक जाणार हे ठाऊक असूनही, जो चेंजअप टाकून स्ट्राइक काढतो, त्याचं नाव मी लिहून ठेवतो.

जागा मिळाली तर होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या मागे बसा. रडारगन आणि वह्या घेतलेले स्काउट (खेळाडू पारखणारे) तिथेच असतात. ते पिचरच्या चेंडूच्या प्रत्येक प्रकाराला २० ते ८० मध्ये गुण देतात; ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी. उजव्या हाताच्या पिचरची अ‍ॅक्शन बघायची असेल तर एखादी इनिंग तिसऱ्या बेसच्या बाजूने बघा.

ईआरएवर (पिचरच्या खात्यावरच्या धावांची नऊ इनिंगमागची सरासरी) फार जाऊ नका. एखादा कच्चा चेंडू पक्का करण्यासाठी संघच पिचरला तो मॅचमध्ये जास्त टाकायला सांगतो, मग धावा जाणारच. ड्राफ्टच्या, म्हणजे संघ नवे खेळाडू फेरीफेरीने निवडतात त्यातल्या क्रमांकावरही जाऊ नका. पिचर जेकब डीग्रॉम २०१० मध्ये नवव्या फेरीत निवडला गेला, तोही कॉलेजात मुख्यतः शॉर्टस्टॉप, म्हणजे फील्डर म्हणून खेळलेला. पुढे २०१८ आणि २०१९ अशी सलग दोन वर्षं सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्याला मिळाला. आपल्या सॉमरसेटकडून खेळून यँकीजमध्ये गेलेला कॅम श्लिटलर २०२२ च्या सातव्या फेरीतला. कॉलेजात त्याचा वेग आजच्याइतका नव्हता, तो नंतर चढला. ऑक्टोबर २०२५ मध्ये यँकीजकडून रेड सॉक्सविरुद्धच्या निर्णायक मॅचमध्ये त्याने ८ इनिंगमध्ये १२ स्ट्राइकआउट घेतले, एकही वॉक दिला नाही आणि एकही धाव दिली नाही. वेग आजकाल मेहनतीने वाढवता येतो. नेम मात्र क्वचितच नंतर येतो, असं मला वाटतं.

तुमच्या त्या ९७ वाल्याबद्दल एका मॅचवरून मी काहीच बोलणार नाही. मायनर लीगमध्ये सहसा मंगळवार ते रविवार एकाच संघाशी सहा मॅच असतात, त्यामुळे मंगळवारी सुरुवात करणारा पिचर कधी कधी रविवारी त्याच बॅटरांपुढे पुन्हा उभा राहतो. तसा योग आला तर दोन्ही दिवसांची तिकिटं काढा. मंगळवारी ज्या स्लायडरवर त्यांच्या बॅटी हवेत फिरल्या, तो रविवारी ते सोडायला लागले की पिचरकडे दुसरं काय आहे ते बघा.