गोळ्या संपल्या, मग गाठी कशाच्या?

"औषध पूर्ण झाले, मग रोग परत आला का?" चंद्रपूर जिल्ह्यात कुष्ठरुग्णांचे समुपदेशन करताना हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की, समोरची व्यक्ती पिशवीतून गोळ्यांची रिकामी पाकिटे काढू लागली की तो येणार हे मला कळते.

चाळिशीतल्या एका ताईंनी अशीच 12 पाकिटे टेबलावर ओळीने मांडली होती. ताप आणि हातापायांवर दुखऱ्या लाल गाठी, अशी त्यांची ही तिसरी खेप होती. "एकही गोळी चुकवली नाही मॅडम, मंग ह्या गाठी कायच्या?" जाऊबाईंना संशय येईल म्हणून त्यांनी स्वयंपाकघरात जाणेही टाळले होते.

हा रोग उलटणे नव्हे, ही ‘रिअ‍ॅक्शन’ आहे, हे मी समजावले. औषधाने जंतू मरतात, परंतु त्यांचे अवशेष शरीरात बराच काळ राहतात आणि प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडते. उपचार संपल्यावरही असे होऊ शकते. डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन, म्हणजे दाह कमी करणारे स्टेरॉइड, सुरू केलेच होते. ताईंनी मान डोलावली, पण ती केवळ माझा मान राखण्यासाठी होती.

चौथ्या भेटीला उशीर झाला म्हणून आम्ही सोबतच डबे उघडले. ताई भाकरी वरणात भिजवून फक्त डाव्या बाजूने चावत होत्या.

"उजवीकडे काय झाले?"

"दाढ सडली. दोन वर्सं झाली."

"दाखवली नाही?"

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मीही घाई केली नाही. शांततेला वेळ दिला की माणूस स्वतःच बोलू लागतो, असा माझा अनुभव आहे. "दाताच्या डॉक्टरनं चट्टे पाह्यले तं?"

तीन भेटी मी चट्ट्यांविषयी बोलत होते आणि त्यांचे गुपित दाढेपाशी लपलेले होते. किडलेले दात, सुजलेल्या हिरड्या, लघवीच्या मार्गाचा संसर्ग यांमुळे रिअ‍ॅक्शन भडकू शकते किंवा रेंगाळू शकते. रिअ‍ॅक्शन आलेल्या रुग्णांमध्ये असे संसर्ग, विशेषतः तोंडातले, अधिक आढळल्याचे ब्राझीलमधील संशोधकांनी 2012 मध्ये मांडले होते. प्रत्येक गाठीमागे दाढ असते असा याचा अर्थ नाही. मात्र दाढेवर इलाज होऊ शकतो. आमच्या भागात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रण, तोंडात धरून ठेवणाऱ्यांना हे सांगताना मला जास्त बोलावे लागते.

दंतवैद्याला प्रेडनिसोलोन सुरू असल्याचे आधी सांगावे आणि ते स्वतःच्या मनाने बंद करू नये. हातापायाची ताकद कमी झाली, नस दुखू लागली किंवा डोळा लाल झाला, तर त्याच दिवशी कुष्ठरोगाच्या डॉक्टरांकडे जावे.

मी डॉक्टरांकडून चिठ्ठी घेतली, सोबत गेले. दोन दाढा निघाल्या, हिरड्यांवर उपचार झाले. पुढे गाठी ओसरल्या; श्रेय दाढेचे किती आणि गोळ्यांचे किती, हे मी सांगू शकणार नाही. आता मात्र रिअ‍ॅक्शन घेऊन आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्याच भेटीत विचारते, जेवताना कोणत्या बाजूने चावता?