तळघरात 'लाइफ' आणि 'लुक' या जुन्या अमेरिकन सचित्र नियतकालिकांचे चार खोके सापडले आहेत. काही किंमत येईल का?

नवं घर घेतलंत आणि आधीच्या मालकांचा हा ठेवा पदरात पडला, तर विकावा, ठेवावा की रीसायकलच्या डब्यात टाकावा, असं तुम्ही विचारलंय. मी इथे न्यू जर्सीत अकरा वर्षं हेच जमवतोय, म्हणून लिहितो.

आधी पैशांचं बोलून टाकतो. फार येणार नाहीत. 'लाइफ' नोव्हेंबर 1936 पासून डिसेंबर 1972 पर्यंत दर आठवड्याला निघायचं आणि साठच्या दशकाच्या अखेरीस त्याचा खप ऐंशी लाखांच्या वर होता. त्यातही लोकांनी जपून ठेवले ते 'हा पुढे मोलाचा ठरेल' असं वाटणारेच अंक: केनेडींच्या हत्येनंतरचा 29 नोव्हेंबर 1963 चा, माणूस चंद्रावर उतरला तेव्हाचे 1969 च्या ऑगस्टमधले. त्यामुळे आज तेच सगळ्यात जास्त सापडतात. केनेडींच्या अंकावर नेहमीच्या लाल चौकटीऐवजी काळी आहे. ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी लॉटरी लागल्यासारखा उडालो होतो. नंतर तोच अंक मला गराज सेलमध्ये आणखी सहा वेळा भेटला.

आता खोके उघडाल तेव्हा मुखपृष्ठावर भुलू नका. टाइम्स स्क्वेअरमधलं खलाशाच्या चुंबनाचं ते जगप्रसिद्ध छायाचित्र 27 ऑगस्ट 1945 च्या अंकात आहे, पण आतल्या पानावर. मुखपृष्ठावर शोधत बसलात तर अंक हातातून निसटेल. 13 एप्रिल 1962 च्या अंकात मँटल आणि मॅरिस या बेसबॉलपटूंची कार्डं जोडलेली होती. ती असतील तर अंकाचा भाव वेगळा, कोणा पोराने फाडून नेली असतील तर वेगळा. 'लुक'चा 14 जानेवारी 1964 चा अंक असेल तर मधलं जोडपान आहे का बघा. केंद्र सरकारच्या मार्शलांच्या पहाऱ्यात गोऱ्यांच्या शाळेला निघालेल्या छोट्या कृष्णवर्णीय रुबी ब्रिजेसचं नॉर्मन रॉकवेलने काढलेलं चित्र तिथेच छापलं होतं आणि लोक ते काढून फ्रेम करतात. एकूणच पानं मोजायची सवय लावा. जाहिराती कापून सुट्या विकणारे बरेच असतात, आणि वरून अंक अगदी धडधाकट दिसतो. वर्गणीदाराच्या पत्त्याचं लेबल मुखपृष्ठावर असलं की भाव उतरतो. मला मात्र ती लेबलं आवडतात. ओहायोतल्या कुठल्याशा गावात हा अंक कोणाच्या पेटीत पडत होता, ते तरी कळतं.

बातम्या आणि छायाचित्रंच बघायची असतील तर कागद साठवायची गरज नाही. 'लाइफ'चे साप्ताहिक काळातले अंक गूगल बुक्सवर फुकट चाळता येतात. मी जमवतो ते जाहिरातींसाठी, आणि तेही 1942 ते 45 मधल्याच. फेब्रुवारी 1942 मध्ये अमेरिकेत सामान्य गिऱ्हाइकांसाठी मोटारी बनवणं बंद झालं, कारखाने रणगाडे आणि विमानं करू लागले. विकायला माल नाही, तरी कंपन्यांनी पानंच्या पानं विकत घेतली. कुठे बाँबफेकी विमानाचं रंगीत चित्र आणि खाली मोटार कंपनीचं नाव, कुठे 'वॉर बाँड (युद्धखर्चासाठीचे सरकारी कर्जरोखे) घ्या, युद्ध जिंकलं की तुमच्या स्वयंपाकघरात नवा फ्रिज येईल' असा वायदा. गिऱ्हाइकाने आपलं नाव विसरू नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप! याच सुमारास, 20 सप्टेंबर 1943 ला, 'लाइफ'ने न्यू गिनीतल्या बुनाच्या किनाऱ्यावर मरून पडलेले तीन अमेरिकन सैनिक पानभर छापले. तोवर आपले मेलेले सैनिक वाचकांना दाखवायला सरकारची परवानगी नव्हती. तो अंक पहिल्या पानापासून चाळलात की मधल्या साबण-सिगारेटच्या जाहिराती वेगळ्याच दिसायला लागतात. असे अंक पाच-दहा डॉलरला मिळतात, कारण मुखपृष्ठावर ना मर्लिन मन्रो असते ना केनेडी.

ठेवायचं ठरवलंत तर आजच तळघरातून वर आणा. हा गुळगुळीत कागद ओला झाला की पानं एकमेकांना अशी चिकटतात की सोडवताना छपाईसकट फाटतात. पाण्याच्या हीटरजवळ ठेवलेला एक अख्खा खोका मी असाच घालवलाय. त्या खोक्यात 1944 चं जवळजवळ अर्धं वर्ष होतं. पिना गंजल्या असतील तर ओढू नका. सेलोटेप तर अजिबात लावू नका, पिवळी पडून ती कागदच खाते. अंक मोठा असतो, साधारण चौदा इंच उंच. कॉमिक्सच्या पिशव्यांत तो मावत नाही, त्याच्या मापाच्या वेगळ्या मिळतात. आत आम्लरहित पुठ्ठा घालून अंक आडवे ठेवा, उभे ठेवले की वाकतात. कुबट वास येणारे बाजूला काढा, नाहीतर बुरशी बाकीच्यांनाही लागेल.

आणि काहीही विकण्याआधी 1948 च्या फेब्रुवारीतले अंक आहेत का तेवढं बघा. चरख्याजवळ बसलेल्या गांधीजींचं मार्गारेट बर्क-व्हाइटने टिपलेलं छायाचित्र 1946 चं. तेव्हा 'लाइफ'ने ते लहानसं छापलं होतं. हत्येनंतर श्रद्धांजलीच्या पानांवर त्याला मोठी जागा मिळाली आणि तिथून ते जगभर गेलं. माझ्याकडे तो अंक आहे, पण मुखपृष्ठाविना. तुमच्याकडे मुखपृष्ठासकट निघाला आणि नकोसा असेल तर मला मेसेज करा, भाव तुम्ही सांगाल तो.