वाचकांचे प्रश्न : दोघांची ठरलेली सहल एकटीने करावी का?

प्रश्न : मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहणारी ६१ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. माध्यमिक शाळेत ३२ वर्षे भूगोल शिकवला. नॉर्वेचा तो दातेरी किनारा दर वर्षी फळ्यावर काढायचा, हिमनदीने कोरलेल्या दरीत समुद्राचे पाणी शिरले की फियॉर्ड तयार होतो हे समजावून सांगायचे आणि एखाद्या मुलाने ‘बाई, तुम्ही पाहिलाय का?’ असे विचारले की हसून पुढच्या धड्याकडे वळायचे, असा माझा क्रम होता. निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी तिथे जायचे ठरवले, पैसे बाजूला काढले आणि एका पर्यटन कंपनीकडे नोंदणीही केली. पुढे यजमानांना आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस सुरू झाले आणि सहल रद्द करावी लागली. भरलेल्या पैशांपैकी थोडेच परत मिळाले. गेल्या मार्गशीर्षात ते गेले, त्यांच्या मागोमाग दोन महिन्यांत सासूबाईही गेल्या. यंदा दोघांचेही वर्षश्राद्ध झाले. येत्या जूनमध्ये आपणच जाऊन यावे असे मनात येते, पण धीर होत नाही. दीर म्हणतात, ते पैसे मुदत ठेवीत टाका. मुलगा बंगळूरला असतो, तो म्हणतो, ‘आई, दोन वर्षे थांब, मी रजा काढून नेतो.’ नात्यातल्या बायका तोंडाने काही बोलत नाहीत, पण त्यांच्या नजरा कळतात. मी जावे का? जायचे तर कंपनीबरोबर की स्वतंत्रपणे? चारचौघांत रडू आले तर काय करायचे? आणखी एक विचारते. यजमानांचा पासपोर्ट बरोबर न्यावासा वाटतो, हा वेडेपणा आहे का?

एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बाई (आपल्या पेशाला हेच संबोधन शोभते, म्हणून ते वापरते), आपण जावे असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र फियॉर्ड पाहायला जावे. गेल्या वर्षाची भरपाई करून घ्यायला जाऊ नये. ज्या वर्षात दोन माणसे गेली, त्या वर्षाचे ओझे दहा-बारा दिवसांच्या सहलीवर टाकले तर सहलही बिचारी वाकते आणि परत येताना आपण स्वतःवरच नाराज होतो. आपल्या पत्रातला सर्वांत जिवंत भाग फळ्यावरच्या त्या दातेरी किनाऱ्याचा आहे. त्या बाईंनी जावे, आणि सहलीची आखणीही त्यांच्याच नजरेने करावी.

नातेवाइकांच्या नजरांविषयी फार लिहीत नाही. वर्षश्राद्ध झाले आहे, म्हणजे रूढीच्या हिशेबानेही आपण कोणाचे देणे लागत नाही. उद्या आपण काशी-रामेश्वराला निघालात तर हीच मंडळी हार घेऊन स्टेशनवर पोचवायला येतील. तेव्हा अडचण प्रवासाची नाही, विधवा बाईने आवडीने कुठे जाण्याची आहे, आणि तिला आपण उत्तर देत बसू नये.

दिरांचे म्हणणे मात्र बाजूला सारण्यासारखे नाही. वर्षभराचे डायलिसिस आणि दवाखाना घराची शिल्लक किती खाऊन जातो हे त्यांनी जवळून पाहिले असणार. म्हणून आधी एक हिशेब कागदावर मांडावा. आपली पेन्शन, अडीअडचणीसाठी वेगळी ठेवलेली रक्कम आणि आपला स्वतःचा आरोग्य विमा या तिन्ही गोष्टी शाबूत असतील, तर दोघांनी मिळून सहलीसाठी बाजूला काढलेले पैसे सहलीवरच खर्च करण्यात काही गैर नाही. त्यातली एकही जागा रिकामी असेल तर ती आधी भरावी आणि सहल पुढच्या वर्षावर न्यावी. कर्ज काढून किंवा सोने गहाण ठेवून मात्र मुळीच जाऊ नये. बँकेतल्या संयुक्त खात्यावरून यजमानांचे नाव अजून कमी केले नसेल तर मृत्यूचा दाखला देऊन ते काम लगेच उरकावे, कारण व्हिसासाठी बँकेचे खातेउतारे द्यावे लागतात आणि ते आपल्या नावाने सरळ असलेले बरे. अर्ज करण्याच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकदम मोठी रक्कम भरू नये. तपासणाऱ्याला तिच्याबद्दल शंका येते.

आता सहलीकडे वळते. आपल्याकडच्या कंपन्यांच्या माहितीपत्रकांत नॉर्वे सहसा एकटा येत नाही. डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड आणि नॉर्वे अशी मोट बांधलेली असते, रोज सकाळी सहाला सामान दाराबाहेर ठेवायचे असते आणि ज्या फियॉर्डसाठी आपण निघालात त्याच्या वाट्याला जेमतेम अर्धा दिवस येतो. अशी सहल घेऊ नये. केवळ नॉर्वेची, त्यातही पश्चिम किनाऱ्याकडच्या बर्गेन आणि फ्लॉम या गावांच्या भागात निदान चार मुक्काम देणारी सहल शोधावी. तशी मिळत नसेल तर ओळखीच्या दोघी-तिघी जमवून एखाद्या एजंटाकडून स्वतंत्र आखणी करून घ्यावी.

हा आग्रह का, ते सांगते. फ्लॉमहून गुडवांगेनला जाणारी बोट साधारण दोन तासांत आउरलँड आणि नेरॉय या दोन फियॉर्डांमधून जाते. नेरॉय फियॉर्ड २००५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तो सर्वांत अरुंद आहे तिथे त्याची रुंदी सुमारे २५० मीटर, म्हणजे आपल्या रंकाळा तलावाहूनही कमी आहे, आणि दोन्ही बाजूंचे खडक पाण्यातून १४०० मीटरपर्यंत उभे चढत गेले आहेत. पन्हाळा भोवतालच्या सपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंच आहे. तसे तीन पन्हाळे एकावर एक ठेवून वर आणखी अर्धा ठेवा आणि पायथ्याशी रंकाळ्याची एक पट्टी वाहती करा, म्हणजे आपल्या विद्यार्थ्यांना सांगता येईल असे चित्र होईल. हे दोन्ही फियॉर्ड ज्या सोग्ने फियॉर्डचे फाटे आहेत, तो २०० किलोमीटरहून लांब आहे. कोल्हापूरहून पुण्याकडे निघालेल्या माणसाला जवळजवळ सारा रस्ता शेजारी समुद्र दिसत राहावा, असा त्याचा पसारा आहे, आणि त्याची खोली १३०० मीटरच्या आसपास आहे. मुखाशी मात्र तो बराच उथळ होतो. हिमनदी समुद्राजवळ आली की तिची कोरण्याची ताकद कमी होते आणि तिथे उंबरठा राहतो, हे आपण शिकवलेच असेल. तो उंबरठा बोटीवरून डोळ्यांना दिसत नाही. पण आपल्याला तो तिथे आहे हे ठाऊक असेल, आणि शेजारी उभ्या असलेल्या बहुतेकांना नसेल.

फ्लॉमची रेल्वेही सोडू नये. समुद्रकाठच्या फ्लॉमपासून ८६६ मीटर उंचीवरच्या म्युर्दालपर्यंत ती २० किलोमीटरांत चढते आणि त्याला जवळपास तासभर लागतो. म्युर्दालला ओस्लो-बर्गेन मार्गाची गाडी मिळते. बर्गेनमध्ये पाऊस गृहीतच धरावा. वर्षाचा आकडा २००० मिलिमीटरच्या वर जातो. आपल्या गगनबावड्यापुढे तो काहीच नाही, पण गगनबावड्याचा पाऊस चार महिन्यांत उरकतो आणि बर्गेनचा बाराही महिने पुरवून पुरवून पडतो. वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही, चांगला रेनकोट न्यावा. मध्यरात्रीचा सूर्य पाहायचा असेल तर ट्रॉम्सोसारख्या ६९ अंश उत्तरेच्या गावी जावे लागते. तिथे साधारण २० मे ते २२ जुलै सूर्य मावळत नाही. फियॉर्डच्या भागात जूनमध्ये तो रात्री अकराच्या सुमारास मावळतो आणि आकाश पुरते काळे होत नाही. एकाच सहलीत दोन्हीचा हव्यास धरावा असे मला वाटत नाही. आपण ३२ वर्षे फळ्यावर सूर्य काढला नाही, किनारा काढला.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगते. नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण एकाच व्हिसावर अनेक युरोपीय देशांत फिरू देणाऱ्या शेंगेन व्यवस्थेत आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी तो करावा लागतो. उन्हाळ्यातली गर्दी पाहता जूनसाठी मार्चमध्येच वेळ घ्यावी. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालू राहणारा असावा आणि त्यात दोन पाने कोरी असावीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. तो घेताना रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर लपवू नये, नाहीतर ऐन वेळी दावा फेटाळला जातो. मागच्या वेळचा अनुभव लक्षात घेऊन नोंदणी रद्द केल्यास किती दिवस आधी किती टक्के कापले जातात, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी घ्यावे आणि सहल रद्द झाल्यास भरपाई देणारा विमा नोंदणीच्याच दिवशी काढावा. परदेशी सहलीच्या पैशांवर कंपनी जो टीसीएस (विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आगाऊ प्राप्तिकर) घेते, तो विवरणपत्र भरताना आपल्या करात वळता करून घेता येतो. पुष्कळ ज्येष्ठ लोक तो गेला असेच समजतात.

या कागदांत एक जागा अशी आहे की तिची कल्पना आधी दिलेली बरी. व्हिसाच्या अर्जात वैवाहिक स्थितीचे चौकोन असतात आणि त्यांपैकी एकाला खूण करावी लागते. अनोळखी केंद्रात, रांगेत, मागून कोणी घाई करत असताना ती खूण पहिल्यांदा करू नये. मुलाला सांगून अर्ज घरी उतरवून घ्यावा आणि एखाद्या संध्याकाळी त्याच्याशी फोनवर बोलत बोलत तो भरावा. दोन वर्षे थांबण्याची त्याची सूचना प्रेमापोटी आहे हे खरे, पण दोन वर्षांनी त्याची रजा आणि आपले गुडघे एकाच वेळी हाताशी असतील याची हमी कोण देणार? त्याला हे काम द्यावे. शिवाय रोज फोन करण्याचेही त्याच्याकडेच सोपवावे. उन्हाळ्यात नॉर्वेचे घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असते, म्हणजे तिथल्या रात्री आठला भारतात साडेअकरा वाजलेले असतात. त्यापेक्षा तिथली दुपार बरी.

यजमानांचा पासपोर्ट न्यावासा वाटणे यात वेडेपणा काहीच नाही. तरीही नेऊ नये. विमानतळावर दुसऱ्याचा पासपोर्ट सामानात सापडला की नको ते प्रश्न विचारले जातात, आणि त्यांची उत्तरे त्या जागी देणे आपल्याला जड जाईल. तो पासपोर्ट कार्यालयात देऊन रीतसर रद्द करून घ्यावा. रद्दचा शिक्का मारून परत द्यावा अशी विनंती करता येते आणि मग तो घरात आठवण म्हणून राहतो. बरोबर न्यायचेच असेल तर त्यांच्या हातचे काही न्यावे. सहल ठरवताना त्यांनी कुठल्या वहीत गाड्यांच्या वेळा किंवा हिशेब लिहून ठेवले असतील, तर ते पान पर्समध्ये ठेवावे. त्याला कोणी शिक्का विचारत नाही.

खोलीबद्दल आपण विचारलेले नाही, पण मी सांगते. कंपनीबरोबर जाणाऱ्या एकट्या व्यक्तीला अनोळखी बाईबरोबर एक खोली घ्यावी लागते किंवा जादा पैसे भरून स्वतंत्र खोली मिळते. आपण जादा पैसे भरावेत, खरेदीत काटकसर करावी. दिवसभर तीस माणसांत वावरल्यावर रात्री दार लावून घेता आले पाहिजे, आणि चारचौघांत रडू येण्याची जी भीती आपल्याला वाटते तिच्यावरचा अर्धा उपाय या दारातच आहे. उरलेल्या अर्ध्याचे फार मनावर घेऊ नये. फियॉर्डमध्ये बोटीच्या डेकवर असा बोचरा वारा असतो की सगळ्यांच्याच डोळ्यांना पाणी येते. फक्त आपल्या लग्नाचा वाढदिवस सहलीच्या दिवसांत येत नाही ना, एवढे तारखा ठरवताना पाहावे. येत असेल तर त्या दिवशी प्रवास ठेवू नये, एकाच गावी मुक्काम असावा.

तयारीसाठी आजपासून रंकाळ्यावर चालायला जावे, आणि जे बूट तिथे घालणार तेच घालून जावे. बर्गेनच्या ब्रिगेन भागातल्या गल्ल्या लाकडी फळ्यांच्या आणि दगडी फरशीच्या आहेत. पाऊस पडला की त्या निसरड्या होतात.

शेवटी परतीचे सांगायचे राहिले, आणि माझ्या मते जाण्यापेक्षा त्याचीच आखणी अधिक काळजीने करायला हवी. महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी कोल्हापूरला पोचेल, रिक्षा दाराशी थांबेल, आपल्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ असेल आणि कुलूप मात्र आपल्यालाच उघडावे लागेल. तसे होऊ देऊ नये. बहीण, जाऊ, शेजारीण, जी कोणी मनाने जवळची असेल तिच्याकडे निघतानाच किल्ली देऊन ठेवावी, त्या सकाळी तिने आपल्या घरी येऊन चहा टाकावा आणि दोन दिवस राहावे, असे आतापासून ठरवून घ्यावे. फोटो मोबाइलवर दाखवू नका. जुना नकाशा भिंतीवर लावा आणि तिला समोर बसवा.